विखुरलेल्या फायली आणि महाविद्यालयीन ग्रंथालये

एम. ए.च्या वर्गात मराठी नियतकालिकांचा इतिहास शिकवताना आम्हांला दरवर्षी थोडे अवघडल्यासारखे होते. ‘दर्पण’ १८३२, ‘विविधज्ञानविस्तार’ १८६७, ‘निबंधमाला’ १८७४, मग ‘मनोरंजन’, ‘अभिरुची’, ‘सत्यकथा’ अशी नावे फळ्यावर उतरत जातात. विद्यार्थी ती टिपून घेतात, परीक्षेत लिहितात आणि उत्तीर्ण होतात. पण यांपैकी एखाद्या मासिकाचा सबंध अंक, मुखपृष्ठापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत, त्यांच्यापैकी कोणी वाचलेला नसतो. शिकवणाऱ्यांपैकीही फार थोड्यांनी वाचलेला असतो. नियतकालिकांचा अभ्यास म्हणून आपण जे करतो तो बव्हंशी निवडक लेखसंग्रहांचा अभ्यास असतो. लेख संग्रहात गेला की त्याचे शेजारी सुटतात. ज्या वादाला तो उत्तर होता तो वाद, मागच्या महिन्यातले वाचकाचे पत्र, संपादकाची खवचट टीप, पानाच्या तळाशी भरतीला घातलेली एखाद्या अनोळखी कवीची कविता, हे सगळे मागे राहते. आणि वाङ्मयाच्या इतिहासकाराला हवे असते ते बहुधा नेमके हेच.

काही काळापूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीने दोन महायुद्धांच्या दरम्यान निघणाऱ्या एका मासिकावर काम करायचे ठरवले. मासिकाचे नाव येथे मुद्दाम देत नाही. नाव दिले की ग्रंथालये ओळखू येतील, आणि दोष त्या तिघांचा नाही. एकाच शहरातली तीन जुनी महाविद्यालये. पहिल्याकडे सहा वर्षांचे बांधीव खंड होते, तेही सलग नव्हते. दुसऱ्याकडे सुटे अंक होते, दोरीने बांधून माळ्यावर ठेवलेले आणि दाखलनोंदवहीत कुठेही न चढलेले. तिसऱ्याकडचा संच निर्लेखनाच्या यादीत होता, म्हणजे रद्दीच्या दारात. ही तिन्ही ग्रंथालये एकमेकांपासून सायकलने वीस मिनिटांच्या अंतरावर आहेत, आणि शेजारच्याकडे काय आहे हे त्यांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. दोन महिने खेपा घालून तिने एका वहीत रकाने आखले, वर्षे आणि महिने लिहिले, आणि जो अंक जिथे सापडला त्या ग्रंथालयाचे आद्याक्षर त्या चौकोनात घातले. वही भरत आली तेव्हा कळले की तिन्ही ग्रंथालयांचे मिळून ते मासिक जवळजवळ पूर्ण आहे. उणे आहेत ते फक्त चार अंक.

या तिन्ही ग्रंथालयांत एका कोपऱ्यात चार-सहा संगणक आहेत आणि वर ‘डिजिटल लायब्ररी’ अशी पाटी आहे.

त्या पाटीखाली काय असते? बहुतेक ठिकाणी ‘इन्फ्लिबनेट’च्या ‘एन-लिस्ट’ योजनेचे लॉगिन असते. ही योजना २०१० मध्ये आली. लहान गावांतल्या महाविद्यालयांनाही तिने परदेशी प्रकाशकांची हजारो नियतकालिके नाममात्र वर्गणीत खुली करून दिली, आणि हे उपकार विसरण्यासारखे नाहीत. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही केंद्र सरकारची योजना त्याच दिशेने पुढे गेलेली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिला मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली, ती तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपयांची आहे आणि तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके तीत आहेत. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाला यात पुष्कळ सापडेल, इंग्रजीच्या प्राध्यापकालाही सापडेल. मराठीच्या विद्यार्थ्याने ‘केरळकोकिळ’ कुठे पाहावे? ते कोणा परदेशी प्रकाशकाकडून विकत मिळणारे नव्हे. ते असलेच तर आपल्याच कुठल्या तरी कपाटात आहे. वर्गणी भरून मिळालेला वाचनाचा हक्क हा संग्रह नव्हे. वर्गणी थांबली की तो हक्कही जातो. संग्रह म्हणजे जे आपल्याजवळ आहे आणि जे सांभाळण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही ते.

आता दुसऱ्या टोकाचा उत्साह पाहू. मूल्यांकन समितीची भेट जवळ आली की एखादे महाविद्यालय स्कॅनर घेते आणि हाताला येतील ती दुर्मिळ पुस्तके स्कॅन करू लागते. हाताला काय येते? जे सर्वांकडे असते तेच. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या आणि चिपळूणकरांचे निबंध वेगवेगळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा स्कॅन झालेले आम्ही पाहिले आहेत. त्याच कपाटाच्या खालच्या खणातला सुटा अंक मात्र तसाच राहतो, कारण त्याला पाठ नसते, पाठीवर नाव नसते आणि तालिकेत त्याची नोंद नसते. समितीपुढे ठेवायला पीडीएफची संख्या पुरते. त्या फायली महाविद्यालयाच्या अंतर्गत संगणकावर राहतात, बाहेरच्या वाचकाला दिसत नाहीत, आणि संगणक बदलला की कुठे जातात ते ग्रंथपालालाही सांगता येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की स्कॅनिंग ही या कामाची दुसरी पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे त्या विद्यार्थिनीची वही. कोणत्या ग्रंथालयात कोणत्या नियतकालिकाचा कोणता अंक, कोणत्या अवस्थेत आहे, याची अंकनिहाय संयुक्त सूची महाविद्यालयांनी आधी करावी. ती झाली की कोणी काय स्कॅन करायचे हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

सूचीचे महत्त्व मराठीत नव्याने सांगावे लागू नये. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली, नंतर १९५० पर्यंतचा भाग पुरा केला, आणि नियतकालिकांतल्या लेखांच्या सूचीचे काम त्यांच्या नावाच्या मंडळाने पुढे नेले. संगणक नसताना, कार्डे आणि टाक यांच्या बळावर झालेले हे काम आहे. एखादा लेख कोणत्या मासिकात आला हे शोधायचे तर आजही आपण त्याच सूचीपाशी जातो. परंतु ते मासिक आज कोणत्या कपाटात उरले आहे, हे ती सूची सांगणार नाही. ते तिचे कामच नव्हे. ते आपले काम आहे.

सूचीशिवाय स्कॅनिंग केले की काय होते याचा मोठा धडा ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ने दिलेला आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने आणि अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सहकार्याने या शतकाच्या आरंभी हा प्रकल्प उभा राहिला. त्यात मराठी ग्रंथही मोठ्या संख्येने आले. काम प्रचंड होते आणि त्याचा फायदा आम्ही सर्वांनी घेतलेला आहे, हे आधी म्हटले पाहिजे. पण ग्रंथनामे रोमन लिपीत, मनाला येईल त्या वर्णलेखनाने दिलेली. एकच नाव चार तऱ्हांनी. कुठे लेखकाच्या जागी प्रकाशक, कुठे साल चुकीचे, कुठे पाने गाळलेली. एखाद्या मासिकाचा खंड सापडला तर तो कोणत्या वर्षाचा हे फाइल उघडून पाहावे तेव्हा कळणार. पुढे ते संकेतस्थळच बंद झाले. त्यातले पुष्कळसे ग्रंथ आज ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर मिळतात, कारण त्यांच्या प्रती वेळीच तिथे चढवल्या गेल्या. प्रत एकाच जागी असणे हा डिजिटल जगातही धोकाच आहे. कागदाच्या जगात तर आपण तो पुन्हा पुन्हा पाहिला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तके पाण्यात गेली.

महाविद्यालयांनीच हे का करावे, सार्वजनिक ग्रंथालये आहेत, राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ ग्रंथ संकेतस्थळावर ठेवलेले आहेत, मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचा ‘ग्रंथसंजीवनी’ प्रकल्प आहे, मग महाविद्यालयांचे वेगळे घोडे कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर एका उपेक्षित वस्तूत आहे. ती म्हणजे महाविद्यालयांची स्वतःची नियतकालिके, वार्षिक अंक.

फर्ग्युसन, विल्सन, राजाराम, विलिंग्डन, मिलिंद. या आणि अशा कितीतरी महाविद्यालयांच्या अंकांत मराठीतल्या पिढ्यांनी पहिले अक्षर छापलेले पाहिले. हे अंक विक्रीला नसत. ते त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना वाटले जात आणि सुट्टीत घरोघरी हरवत. सार्वजनिक ग्रंथालयाने ते ठेवण्याचे कारण नव्हते. ते असतील तर त्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, आणि बहुधा तेवढेच. तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात म. ना. वानखेडे, गंगाधर पानतावणे यांच्यासारखे अध्यापक आणि त्यांचे विद्यार्थी यांच्यात जे वाङ्मयीन वातावरण तयार झाले, ते समजून घेतल्याशिवाय ‘अस्मितादर्श’चा उदय नीट समजत नाही. त्या वातावरणाचा छापील पुरावा कोणत्या मोठ्या मासिकात शोधणार? बहिष्कृतांच्या पत्रांचे महत्त्व आज सर्वमान्य आहे, आणि त्याला एक कारण असे की महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ पुनर्मुद्रित केले. मजकूर हाती आला आणि अभ्यास वाढला. जो मजकूर हाती येत नाही त्यावर पीएच.डी. होत नाही, आणि ज्यावर पीएच.डी. होत नाही तो पुढच्या पिढीच्या इतिहासातून गळतो. महाविद्यालयांचे वार्षिक अंक आज त्या गळतीच्या काठावर उभे आहेत.

तेव्हा प्रत्येक महाविद्यालयाने आपले स्वतःचे अंक आधी स्कॅन करावेत. इथे मालकीचा वाद उद्भवत नाही आणि काम दोनदा होण्याची भीती नाही. मोठ्या मासिकांच्या बाबतीत संयुक्त सूची पाहून वाटणी करावी: ज्याची प्रत सर्वांत चांगली त्याने तो अंक घ्यावा. ‘चांगली प्रत’ म्हणजे कोणती, हे मात्र जपून ठरवायला हवे. बांधीव खंड दिसायला देखणा असतो; पण बांधणावळीच्या वेळी मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत होती, आणि कडा कापताना समासातला मजकूरही गेलेला असतो. माळ्यावरचा दोरीने बांधलेला सुटा अंक पुष्कळदा अधिक संपूर्ण निघतो. त्या विद्यार्थिनीला मासिकाच्या वर्गणीदारांची एक यादी मिळाली ती अशाच एका अंकाच्या मलपृष्ठाच्या आत. वर्गणीदार कोणत्या गावांत होते हे त्यावरून कळले, आणि तिच्या प्रबंधिकेतले सर्वांत चांगले प्रकरण त्यातून निघाले. कोणत्या वर्षांना अग्रक्रम द्यायचा, यात कागदाचाही विचार हवा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती. त्या वर्षांतले अंक, आमच्या अनुभवाप्रमाणे, त्याआधीच्या पन्नास वर्षांच्या अंकांपेक्षा लवकर मोडतात. जुने ते आधी, हा नियम इथे चालत नाही.

तांत्रिक बाबी आम्ही तज्ज्ञांवर सोडतो. मात्र दोन गोष्टी मराठीच्या माणसांनी ठरवायच्या आहेत. पहिली, नोंद देवनागरीत आणि युनिकोडमध्ये असावी. अनेक ग्रंथालयांच्या तालिका अजून जुन्या फाँटांत अडकलेल्या आहेत, किंवा रोमन लिपीत आहेत; दोन तालिका एकत्र करायला गेले की त्यांची गाठच पडत नाही. दुसरी गोष्ट शोधाची. १९६२ पूर्वीच्या लेखनात ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘कां’ असे अनुच्चारित अनुस्वार सर्वत्र आहेत. आजचा विद्यार्थी ‘घरात’ असे टंकून शोधील आणि शंभर वर्षांचा मजकूर त्याला मिळणार नाही. यंत्राने अक्षरओळख करून दिली तरी जुन्या खिळ्यांची वळणे आणि हे अनुस्वार यांपुढे ते वारंवार अडखळते. यंत्राला दोन्ही रूपे एकच समजायला शिकवावे लागेल, आणि ते शिकवणारा माणूस व्याकरण जाणणारा असावा लागेल. भाषाविज्ञान शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना हाताशी असलेले इतके चांगले काम दुसरे कोणते?

कायद्याची भीती पुष्कळदा कारण म्हणून पुढे केली जाते. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन मुक्त होते. बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले; त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन २०१७ च्या आरंभापासून मुक्त आहे. आचार्य अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे २०३० पर्यंत थांबायचे. नियतकालिकाच्या एकाच अंकात मुक्त आणि अमुक्त असे दोन्ही लेखन असते, ही अडचण खरी आहे. पण २०१२ च्या दुरुस्तीने अव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला, आपल्याकडे कागदी प्रत असेल तर, जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा दिलेली आहे. महाविद्यालयीन ग्रंथालय ‘सार्वजनिक’ या शब्दात बसते की नाही यावर वाद घालता येईल, आणि तो एकट्या महाविद्यालयाने घालण्यापेक्षा वीस महाविद्यालयांनी मिळून एका वकिलाचा सल्ला घेणे शहाणपणाचे. तोवर जतनासाठी स्कॅन करावे, मुक्त आहे ते सर्वांना द्यावे, उरलेले ग्रंथालयात बसून वाचू द्यावे. सूचीला तर कोणताच कायदा आडवा येत नाही.

खरी अडचण वेगळी आहे. ती आमच्या स्वभावात आहे. ‘आमचा संग्रह’ हा शब्द आपण ज्या अभिमानाने उच्चारतो त्यात थोडी कंजुषी मिसळलेली असते. प्राचार्यांना वाटते, दुर्मिळ ते सर्वांना दिले तर आपल्याकडे कोण येणार? अनुभव उलट आहे: वस्तू कुठे आहे हे कळल्याशिवाय कोणीच येत नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठ ग्रंथालयांनी १९६० च्या दशकात दक्षिण आशियातल्या छापील मजकुराच्या सूक्ष्मपटांसाठी सामाईक वर्गणीचा प्रकल्प उभारला. एक प्रत घ्यायची, सर्वांनी वापरायची. कोणाही एका विद्यापीठाला ते परवडले नसते. आपल्याकडे तर मजकूर विकतही घ्यायचा नाही, तो आपल्याच माळ्यावर आहे.

ग्रंथपालांना दोष देण्यात अर्थ नाही. कित्येक अनुदानित महाविद्यालयांत ग्रंथपालाची जागा वर्षानुवर्षे रिकामी आहे, आणि जिथे ती भरलेली आहे तिथे तो माणूस परीक्षेच्या कामापासून मूल्यांकनाच्या कागदांपर्यंत सगळे करतो. हे काम आम्ही अध्यापकांनी उचलायला हवे, आणि आजवर आम्ही ते उचललेले नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प आला आहे. दरवर्षी त्यात ‘अमुक कादंबरीतील स्त्रीचित्रण’ या धर्तीचे विषय दिले जातात, त्यांपैकी बरेचसे इकडून तिकडून उतरवलेले असतात, आणि आम्ही ते जाणूनबुजून तपासतो. त्याऐवजी एका विद्यार्थ्याला एका नियतकालिकाचे एक वर्ष द्यावे. त्याने अंक शोधावेत, मोजावेत, पाने फाटली असल्यास तसे लिहावे, अनुक्रमणिका देवनागरीत उतरवावी, टोपणनावामागे कोण आहे ते कळल्यास नोंदवावे, आणि शेवटी त्या वर्षाविषयी दहा पाने लिहावीत. ही दहा पाने तरी कुठून उतरवता येणार नाहीत. दुसऱ्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने पुढचे वर्ष घ्यावे. आम्ही शिकत असताना असा प्रकल्प आम्हांला मिळाला असता तर फळ्यावरच्या त्या नावांशी आमचे नाते निराळे झाले असते.

ती वही सध्या आमच्यापैकी एकाकडे आहे. तिन्ही महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी तिची नक्कल मागून घेतली आहे आणि येत्या सत्रात सहा विद्यार्थी दुसऱ्या दोन मासिकांसाठी तसेच रकाने आखणार आहेत. स्कॅनर एकाच ठिकाणी आहे. तो फिरवायचा की अंक फिरवायचे यावर अजून एकमत नाही. तिसऱ्या ग्रंथालयाने निर्लेखनाची यादी दिवाळीपर्यंत थांबवून धरली आहे.